मनाईची पाटी

आमच्या वर्गात एक तात्या येतात. वय साठीच्या पुढे. ते वर्गात का आले, ती हकिगत आधी सांगते.

चार वर्षांमागे तात्या आपल्या लेकीला आणि नातवाला घेऊन एक जुनी लेणी पाहायला गेले. नातवाने मोबाईलवर दोघांचा फोटो काढला. तेवढ्यात एक माणूस आला. म्हणाला, "फोटोला पैसे पडतात. शंभर रुपये काढा." तात्यांनी विचारले, "कुठं लिवलंय?" त्या माणसाने मागच्या पाटीकडे बोट दाखवले. "हे काय, इथं लिहिलंय. वाचता येत नाही का?"

तात्यांना वाचता येत नव्हते. लेकीला येत होते, पण ती लेकराच्या मागे पुढे गेली होती. तात्यांनी मुकाट्याने शंभराची नोट दिली. पावती मिळाली नाही. घरी जाताना लेकीने फोटो पाहिला. फोटोत तात्यांच्या मागे ती पाटी आली होती. पाटीवर लिहिले होते : "छायाचित्रण निःशुल्क. व्हिडिओ कॅमेरा २५ रुपये."

छायाचित्रण म्हणजे फोटो काढणे. निःशुल्क म्हणजे फुकट.

तात्या म्हणतात, "शंभर रुपयांचं काही न्हाई बाई. पर पाटी माझ्या डोक्यावर हुती आन् मी तिच्याखाली हुबा राहून लुटला गेलो." दुसऱ्या आठवड्यात ते वर्गात येऊन बसले.

गेल्या हिवाळ्यात आमचा वर्ग मुंबईला सहलीला गेला. आमचे गाव लांब आहे. रात्रभर एसटीत बसलो तेव्हा सकाळी मुंबई दिसली. सहलीला निघण्याआधी मी फळ्यावर चार शब्द लिहिले होते. सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले. तुम्हीही घ्या.

मनाई. निषिद्ध. प्रतिबंधित क्षेत्र. परवानगीशिवाय.

पहिल्या दोन शब्दांचा अर्थ एकच, करू नका. प्रतिबंधित क्षेत्र म्हणजे जिथे जायला किंवा काही करायला बंदी आहे अशी जागा. 'परवानगीशिवाय' हा शब्द मात्र नीट पाहावा. "परवानगीशिवाय फोटो काढू नये" याचा अर्थ विचारले तर परवानगी मिळू शकते, असा होतो. पुष्कळ माणसे घाईने वाचतात आणि हा शब्दच गाळतात.

आमचा पहिला मुक्काम गेट वे ऑफ इंडिया. समुद्राच्या काठावर पिवळसर दगडाची ही मोठी कमान आहे. उंची २६ मीटर. म्हणजे आपल्या देवळाच्या शिखराच्या कितीतरी वर. इंग्लंडचा राजा १९११ साली मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून ही बांधायला घेतली. १९२४ साली ती पुरी झाली. पुढे देश स्वतंत्र झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसून गेली. हे ऐकल्यावर आमच्या आक्का म्हणाल्या, "बरं झालं, दार त्यांनीच बांधलं आन् त्यातूनच गेले."

इथे फोटो काढायला मनाई नाही. पिशव्या मात्र तपासतात. २००८ साली समोरच्या ताज हॉटेलवर अतिरेक्यांचा हल्ला झाला होता, हे लक्षात ठेवून तपासणीला कुरकुर करू नये.

गेट वेपाशी फोटोवाले असतात. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्यांचे फोटो. "काका, एक फोटो काढू का? लगेच हातात देतो." मोबाईल आल्यापासून त्यांचा धंदा पार बसला आहे. आधी भाव ठरवावा, मग उभे राहावे. आम्ही सगळ्यांचा मिळून एक फोटो काढून घेतला. तो वर्गाच्या भिंतीवर आहे आणि मोबाईलमधल्या दोनशे फोटोंपेक्षा तोच सगळे बघतात.

एक गोष्ट तिथे चुकली. आमच्यातल्या दोघांनी एका परदेशी बाईचा तिला न विचारता फोटो काढला. ती रागावली. तिचे बरोबर होते. कमान सगळ्यांची असते, माणसाचा चेहरा ज्याचा त्याचा. खुणेने विचारले असते तर ती हसून उभी राहिली असती.

मग आम्ही लाँचमध्ये बसलो. गेट वेपासून घारापुरीचे बेट सुमारे दहा किलोमीटर. तासाभराची वाट. बसताना प्रत्येकाने अंगात जॅकेट घातले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळली आणि माणसे बुडाली. तेव्हा जॅकेटला नाही म्हणू नका.

लाँच सुटली. गेट वे लहान होत गेला. सगळे मोबाईल बाहेर निघाले. थोड्या वेळाने डाव्या हाताला मोठमोठी करड्या रंगाची जहाजे दिसली. तात्यांनी मोबाईल तिकडे धरला. लाँचवरचा पोरगा धावत आला. "काका, तिकडं फोटो नको. नेव्ही आहे."

तात्या आता वाचायला शिकलेले. ते म्हणाले, "पाटी कुठाय? दाखव की पाटी!"

पोरगा हसला. समुद्रात पाटी कुठे लावणार?

तात्या माझ्याकडे वळले. त्यांना वाटले, हाही त्या लेण्यातल्या माणसासारखाच आहे. मी त्यांना शेजारी बसवून घेतले. तिथे जे सांगितले तेच इथे लिहिते.

मुंबईला नौदलाची मोठी गोदी आहे. लढाऊ जहाजे तिथे उभी राहतात, दुरुस्त होतात. आपल्या देशात १९२३ सालचा एक कायदा आहे. त्याचे नाव शासकीय गुपिते अधिनियम. कायदा इंग्रजांनी केला, पण तो आजही चालू आहे. या कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय ते सांगितले आहे. लष्कराच्या, नौदलाच्या आणि हवाई दलाच्या जागा, दारूगोळ्याची कोठारे, लष्करी छावण्या, सरकारी लढाऊ जहाजे आणि विमाने, ही सारी त्यात येतात. सरकार हुकूम काढून रेल्वेचा एखादा भाग, वीज किंवा पाण्याची कामे अशी ठिकाणेही त्यात घालू शकते. देशाला धोका होईल अशा हेतूने अशा जागी जाणे, तिचे चित्र किंवा नकाशा काढणे हा गुन्हा आहे. लष्करी जागेबाबत हा गुन्हा शाबीत झाला तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आक्का घाबरल्या. "चौदा वर्सं? एका फोटूला?"

तसे नव्हे. कायदा हेतू पाहतो. पण आपला हेतू वाईट नव्हता, हे सांगण्यासाठीसुद्धा चौकीत बसावे लागते. मोबाईल तपासतात. नावगाव विचारतात. सहलीचा दिवस तिथेच जातो.

तात्यांनी मग खरा प्रश्न विचारला. "अवो, जहाज तर समद्यांना दिसतंय. लाँचीत शंभर माणसं बसल्यात. मग फोटूनं काय बिघडतं?"

प्रश्न चांगला आहे. डोळ्यांनी पाहिलेले माणूस विसरते. फोटो विसरत नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते जहाज, कुठे उभे होते, त्याच्यावर काय काय बसवले होते, हे सारे फोटोत राहते. मोबाईलमध्ये तशी सोय चालू असेल तर फोटो कुठे काढला त्या जागेची खूणही त्यात आपोआप नोंदली जाते. तुम्ही तो नातेवाइकांना पाठवता. ते आणखी दहा जणांना पाठवतात. अशा शंभर भोळ्या माणसांचे शंभर फोटो कोणी गोळा केले, तर त्याला गोदीत पायही न ठेवता तिथला हिशेब कळतो. म्हणून मनाई.

तात्यांनी मोबाईल खिशात घातला. पुढे जवाहर द्वीप लागते. तिथे तेलाची जहाजे रिकामी होतात. त्या बेटावर आपल्याला जाता येत नाही. पलीकडे तुर्भ्याचे अणुशक्ती केंद्र आहे. तिकडे बोट दाखवून तात्याच सगळ्यांना सांगू लागले, "तिकडं न्हाई. बगायचं, काढायचं न्हाई."

याच जातीच्या आणखी जागा सांगून ठेवते. पुण्याच्या विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. अशा विमानतळावर विमानातून किंवा बाहेरून फोटो काढू नये. मोठ्या धरणांच्या भिंतीवर पुष्कळदा मनाईची पाटी आणि पहारा असतो. भिंत फुटली तर खालची गावे जातील, म्हणून ही काळजी. कोर्टाच्या दालनात काम चालू असताना फोटो काढायचाच नाही. आणि ते आकाशात उडणारे ड्रोन. लग्नात ते नाचवतात तसे कुठल्याही इमारतीवर नाचवता येत नाही. त्याचे नियम २०२१ साली झाले आहेत आणि कोणत्या भागात उडवायला बंदी आहे हे त्यात ठरते.

घारापुरीला लाँच लागली. धक्क्यापासून थोडे चालून शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. वर माकडे आहेत. हातातली पिशवी सांभाळा. सोमवारी लेणी बंद असतात.

पोर्तुगीज लोकांना या बेटावर दगडाचा एक मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाचे नाव एलिफंटा ठेवले. तो हत्ती आज मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. आपले नाव घारापुरी, तेच आपण म्हणू.

दाराशी निळी पाटी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण म्हणून केंद्र सरकारचे खाते आहे. देशातली हजारो जुनी स्मारके या खात्याकडे आहेत आणि अशी पाटी त्यांच्यापाशी बहुधा असते. आम्ही पाटीखाली उभे राहिलो. एकेकाने एकेक ओळ वाचली. मागे रांग झाली, पण कोणी काही बोलले नाही.

पाटीवर असते ते असे. हे स्मारक १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरले आहे. जो कोणी त्याची मोडतोड करील, त्याला विद्रूप करील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्या जुन्या पाटीवर तीन महिने कैद आणि पाच हजार दंड असे वाचायला मिळेल. ती पाटी खोटी नव्हे, शिळी आहे. २०१० साली कायदा बदलून शिक्षा वाढवली. पाटीलासुद्धा वय असते.

विद्रूप करणे म्हणजे काय? मूर्तीवर नाव कोरणे, भिंतीवर लिहिणे, रंग फासणे, फोटोसाठी मूर्तीच्या खांद्यावर चढणे.

आता फोटोचे. या खात्याच्या स्मारकांत हातात धरलेल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाईलने घरगुती फोटो काढायला सर्वसाधारणपणे पैसे पडत नाहीत. व्हिडिओ कॅमेऱ्याला २५ रुपये असतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. तीन पायांचा स्टँड, मोठे दिवे, सिनेमाचे किंवा लग्नाआधीचे थाटाचे चित्रीकरण यांना आधी लेखी परवानगी लागते. काही जागा वेगळ्या आहेत. आग्र्याच्या ताजमहालात बाहेरून हवे तितके फोटो काढा, पण आत कबरीच्या मुख्य दालनात मनाई. वस्तुसंग्रहालयांचे नियम ज्याचे त्याचे. तिथे मोबाईलच्या फोटोलाही निराळे तिकीट असू शकते. तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्यावे.

घारापुरीची त्रिमूर्ती आम्ही पोटभर पाहिली. तीन तोंडांचा शिव, माणसाच्या तिपटीहून उंच. शेजारच्या कित्येक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. तिथेच एका शाळेचा पोरगा मूर्तीच्या गुडघ्यावर पाय देऊन फोटोसाठी उभा राहिला. त्याच्या गुरुजींच्या आधी आमच्या आक्का ओरडल्या, "ए बाळा, उतर खाली! देवाच्या मांडीवर बूट?"

घारापुरीला दगड आहे, रंग थोडा. अजिंठ्याची गोष्ट निराळी. तिथे भिंतींवर चित्रे आहेत. काही चित्रे दोन हजार वर्षांची. आणि ती चित्रे दगडावर काढलेली नाहीत. आधी दगडावर माती लिंपली. त्या मातीत भुसा, गवताचे तंतू कालवले. आपण कुडाची भिंत लिंपतो तसेच. त्यावर पातळ पांढरा हात दिला आणि मग रंग. म्हणजे रंगाच्या खाली आहे ती माती. फ्लॅशचा झगझगीत उजेड पुनःपुन्हा पडला तर जुना रंग फिका पडतो. एका माणसाच्या एका फ्लॅशने काही दिसणार नाही, पण दिवसाला हजारो माणसे येतात. म्हणून आत फ्लॅश नाही, म्हणजे नाही. मोबाईलचा फ्लॅश कसा बंद करायचा हे घरीच शिकून जावे. पहारेकऱ्याने सांगितल्यावर बटण शोधत बसण्यात अर्थ नाही.

अजिंठ्याला एक गंमत आहे. गंमत कसली, लाजच म्हणायची. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना त्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही ती आहे. शिकलेला साहेब, पण त्याला खडूची पाटी आणि लेण्याचा खांब यांतला फरक कळला नाही.

दुसरा एक साहेब होता, रॉबर्ट गिल. तो १८४४ पासून अजिंठ्याला राहिला. कित्येक वर्षे बसून त्याने भिंतीवरची चित्रे कापडावर उतरवली. ती लंडनला पाठवली. १८६६ साली तिथल्या इमारतीला आग लागली आणि जवळजवळ सारी जळाली. गिल खचला नाही. तो पुन्हा कामाला लागला. तो कॅमेऱ्याने फोटोही काढी. त्या काळचा कॅमेरा म्हणजे जड पेटी, काचेच्या पट्ट्या आणि औषधे. त्याचे फोटो १८६४ साली पुस्तकात छापून आले. त्याची कबर भुसावळला आहे. दोघेही साहेबच. एकाने खांब खरवडला, एकाने जन्म घालवला.

परत गावी आल्यावर वर्गात एका भावजींनी विचारले, "बाई, लेण्यांचं कळलं. आपल्याकडं कुठं लेणी? आपलं येणंजाणं तहसीलला, पोलीस ठाण्याला. तिथं मोबाईल काढला की साहेब डाफरतात. तिथलं काय?"

ते २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एका माणसाने आतले बोलणे मोबाईलवर चित्रित केले, असा आरोप होता. पोलिसांनी त्याच्यावर त्याच १९२३ च्या गुपितांच्या कायद्याने गुन्हा दाखल केला. न्यायालयाने कायदा उघडून पाहिला. प्रतिबंधित ठिकाण म्हणजे काय, याची व्याख्या वाचली. तीत पोलीस ठाणे नाही. त्या माणसावरचा तो गुन्हा न्यायालयाने रद्द केला.

पाहा, न्यायाधीशांनी केले काय? आपण घारापुरीच्या पाटीखाली जे केले तेच. काय लिहिले आहे ते शब्द न् शब्द वाचले.

याचा अर्थ ठाण्यात जाऊन कसेही चित्रीकरण करावे असा नाही. कामात अडथळा आणला तर तो वेगळा गुन्हा होतो. तक्रार द्यायला आलेल्या बाईचा, पोराचा फोटो तर कधीच काढू नये. कचेरीत आपला अर्ज, आपल्या अर्जाची पोच, यांचा फोटो काढून ठेवावा. कोणते काम किती दिवसांत होईल आणि फी किती, याचा फलक कचेरीत लावावा लागतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तसे बंधन आहे. तो फलक लोकांनी वाचावा म्हणूनच असतो. "साहेब, ह्याचा फोटो घेतो," एवढे म्हणून घ्यावा. मी सांगते, तालुक्याच्या हेलपाट्यातले निम्मे हेलपाटे त्या एका फोटोने वाचतात.

आणि कोणी अडवलेच तर? हुज्जत घालू नये. पहारेकरी बंदूकवाला असेल तर आधी मोबाईल खाली करावा, मग बोलावे. कोणता फोटो काढला तो दाखवावा. मनाईच्या जागेचा असेल तर त्यांच्यासमोर पुसून टाकावा. पैसे मागितले तर पावती मागावी. मोबाईल जप्त करतो म्हणाले, तर पंचनामा करा आणि मला लेखी द्या, असे म्हणावे. आवाज चढवायची गरज नाही. 'पावती' आणि 'लेखी' हे दोन शब्द हळू बोलले तरी ऐकू जातात.

यंदा दिवाळीनंतर तात्या नातवाला घेऊन पुन्हा त्याच लेण्यावर गेले. माणूस तोच होता की दुसरा, त्यांना आठवत नाही. पण तो आला आणि म्हणाला, "फोटोचे शंभर."

तात्यांनी पाटीवर बोट ठेवले आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. "छा-या-चि-त्रण निः-शुल्क." मग म्हणाले, "निःशुल्क म्हंजी फुकट. खाली पंचवीस लिवल्यात ते व्हिडिओचे. पावती फाडा, पोरगा व्हिडिओ काढल."

तो माणूस पावतीपुस्तक आणतो म्हणून गेला. तात्या पाटीखाली अर्धा तास बसले. मग नातवाने त्यांचा फोटो काढला आणि दोघे एसटीला लागले.